दुरंगी विणकाम आणि खोलीचा नवा रंग: आधी लोकर की आधी भिंत?

लडगुंडा

घराचं रंगकाम काढलं की क्रम ठरलेला असतो: भिंती, मग पडदे, मग सोफ्याच्या उशा, आणि सगळ्यात शेवटी "आता याला शोभेल अशी लोकर बघू". हा क्रम उलटा करावा असं माझं ठाम मत आहे. रंगाच्या दुकानातलं मशीन हजारो छटा कालवून देतं. लोकरीच्या दुकानात एका जातीच्या लोकरीत तीस-चाळीस रंग मिळाले तरी नशीब. म्हणून ज्यात निवड कमी ते आधी घ्यावं. लोकरीचा तुकडा विणून, धुऊन, वाळवून रंगाच्या दुकानात न्यावा आणि छटांच्या पट्ट्या त्याच्या शेजारी धराव्यात.

सुरुवात करायला १६ इंची उशीचा अभ्रा सगळ्यात सोयीचा. मापात थोडं इकडेतिकडे झालं तर स्वेटरसारखं अंगावर दिसत नाही, आणि गोल विणायचा असल्यामुळे सगळ्या ओळी सुलटच. हिशेब असा:

८ प्लाय लोकर (डीके म्हणतात ती), ४ मिमीची म्हणजे ८ नंबरची गोल सुई, लांबी ६० सेंमी. आपल्याकडच्या सुयांचा जुना नंबर उलटा चालतो हे लक्षात ठेवा, ७ नंबर जाड आणि ९ नंबर बारीक. दुरंगी विणीत १० सेंमीला २२ टाके आणि २४ ओळी बसल्या पाहिजेत. एकूण १६८ टाके घालायचे, म्हणजे घेर ७६ सेंमी आणि सपाट धरल्यावर रुंदी ३८ सेंमी. उशी १६ इंच, म्हणजे साधारण ४०.५ सेंमी. अभ्रा मुद्दाम लहान ठेवायचा, उशी आतून ताणून धरते आणि वीण एकसारखी दिसते.

नमुना म्हणून आठ टोकांची चांदणी घ्या. नॉर्वेमधल्या सेल्बूचे हातमोजे याच चांदणीसाठी ओळखले जातात. चांदणी ११ टाके रुंद, ११ ओळी उंच, मध्ये एका टाक्याची मोकळी जागा. एका बाजूला ७ चांदण्या म्हणजे ७७ टाके, त्यांच्या मधल्या ६ जागा, झाले ८३. चौऱ्यांशीवा टाका उलट विणायचा. दुसऱ्या बाजूलाही तेच. या दोन उलट टाक्यांवर अभ्रा आपोआप घडी घेतो, आणि गोल विणताना प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला नमुना जो एक पायरी सरकतो तोही तिथेच लपतो. उलट टाका कायम पायाच्या, म्हणजे नमुन्यामागच्या पार्श्वभूमीच्या, रंगातच घ्या. रंग बदलून उलट विणलं तर खालच्या रंगाचा ठिपका वर डोकावतो.

उंचीतही हाच हिशेब: ७ चांदण्यांच्या ७७ ओळी, मधल्या ६, खाली ४ आणि वर ४ साध्या. एकूण ९१.

लोकर सुमारे २२५ ग्रॅम लागते. पायाच्या रंगाची १५० आणि नमुन्याची १०० अशी घ्या, आणि एकाच लॉटची, म्हणजे एकाच वेळी रंगवलेली, घ्या. लेबलवर लॉट नंबर छापलेला असतो.

ओलसर_भिंत

फारच उपयोगी. खोली १० बाय १२, उंची १० फूट, एक दार, एक खिडकी. घर कोकणपट्टीत, म्हणजे चार महिने हवा दमट. दोन प्रश्न: रंग किती आणावा? आणि पट्टीवर जुळलेला रंग भिंतीवर गेल्यावर वेगळा का दिसतो?

लांबीपट्टी

रंगाचं मी सांगते.

चार भिंतींचं क्षेत्रफळ ४४० चौरस फूट. दार २१, खिडकी १६ वजा करा, राहिले ४०० च्या आसपास. चांगल्या प्लास्टिक इमल्शनचा एक लिटर दोन हातांसाठी साधारण १२० ते १४० चौरस फूट जातो. म्हणजे तीन-साडेतीन लिटर. ४ लिटर आणा. उरलेला रंग घट्ट झाकून ठेवा, पुढे खिळ्यांची भोकं बुजवताना तोच लागतो. छत यात धरलेलं नाही.

डबे एकाहून जास्त असतील तर सगळे एका मोठ्या बादलीत ओतून ढवळून घ्या आणि मगच ब्रश बुडवा. मशीनवर कालवलेल्या दोन डब्यांत बारीकसा फरक राहू शकतो आणि तो नेमका भिंतीच्या मध्यावर दिसतो. लोकरीच्या लॉटचा नियम तोच इथेही.

आता कोकणातली भिंत. रंगापेक्षा आधी ओल बघा. लोणा आला असेल, पापुद्रे सुटत असतील, तर वरून कितीही भारी रंग मारा, पावसाळ्यानंतर तो सुटणारच. पाणी कुठून येतं ते शोधा: गच्ची, बाहेरच्या भिंतीची भेग, न्हाणीघराचा पाइप. ते बंद करा, भिंत पूर्ण वाळू द्या, मगच खरवडून लांबी (पुट्टी) लावा. लांबीचे दोन पातळ हात, एक जाड नको, जाड हात वाळताना तडकतो. मग घासकागद, प्राइमरचा एक हात, इमल्शनचे दोन. नवं प्लास्टर असेल तर निदान २८ दिवस थांबा.

पट्टी आणि भिंतीतला फरक तीन कारणांनी पडतो. इमल्शन ओलं असताना फिकं दिसतं, वाळल्यावर गडद होतं. दुसरं, चार भिंती एकमेकींवर रंग फेकतात, त्यामुळे खोलीत रंग पट्टीपेक्षा चढलेला वाटतो. तिसरा उजेड. म्हणून लहान डबा आणून २ बाय २ फुटांच्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा, आणि पुठ्ठा सकाळी, दुपारी आणि रात्री दिवा लावून वेगवेगळ्या भिंतींना टेकवून बघा. थेट भिंतीवर ठिगळ मारू नका, शेजारचा जुना रंग डोळ्याला फसवतो.

लडगुंडा

उजेडाच्या मुद्द्यात लोकरीची एक जास्तीची भानगड आहे. भिंतीच्या रंगातली रंगद्रव्यं वेगळी, लोकरीचा रंग वेगळा. दुकानाच्या पांढऱ्याफटक ६५०० केल्व्हिनच्या दिव्याखाली दोन्ही हुबेहूब जुळतात, आणि घरी ३००० च्या पिवळसर दिव्याखाली लोकर तपकिरीकडे झुकते, भिंत तशीच राहते. राखाडी, मोरपंखी आणि जांभळट छटांत हे जास्त होतं. त्यामुळे आधी खोलीतले दिवे पक्के करा, मग जुळवाजुळव.

आणि तंतोतंत जुळवूच नका. दहा टक्के चुकलेला "तोच रंग" चूक दिसतो. दोन पायऱ्या गडद किंवा दोन पायऱ्या फिका घेतला तर मुद्दाम घेतलेला दिसतो.

टाकेबाई

हिशेब चोख आहे, पण दुरंगी विणकाम बिघडतं ते हिशेबामुळे क्वचितच. बिघडतं ते मागच्या धाग्यांमुळे, म्हणून त्याबद्दल सविस्तर.

एका ओळीत दोन रंग असतात. जो रंग त्या वेळी विणला जात नाही तो मागून आडवा जातो. हा आडवा धागा आखूड राहिला की पुढची वीण गोळा होते, चुण्या पडतात, आणि त्या धुऊनही जात नाहीत. उपाय सोपा आहे, पण प्रत्येक वेळी करावा लागतो: रंग बदलण्याआधी उजव्या सुईवरचे नुकतेच विणलेले टाके बोटाने सुईवर पसरून घ्यायचे, विणून झाल्यावर जितके रुंद बसणार तितके. मग नव्या रंगाचा पहिला टाका घ्यायचा. धागा ओढायचा नाही, नुसता टेकवायचा. ज्यांचा हात मुळातच घट्ट आहे त्यांनी अभ्रा आत-बाहेर उलटवून विणावा. सुलट बाजू आत, मागचे धागे बाहेरच्या अंगाला. बाहेरचा घेर थोडा मोठा, त्यामुळे धागा आपसूक लांब पडतो.

सलग पाचपेक्षा जास्त टाके एका रंगाचे आले तर मधल्या एका टाक्याला मागचा धागा अडकवून घ्या. तो वरच्या ओळीत बरोबर त्याच टाक्यावर अडकवू नका. एकावर एक आले की पुढून उभी रेघ दिसते, फिक्या पायावर गडद धागा असेल तर फारच.

आता कोणता धागा वर आणि कोणता खाली. मागे दोन धागे समांतर जातात, त्यांतला खालून येणारा किंचित जास्त अंतर कापतो आणि त्याचा टाका कणभर मोठा होतो. तोच रंग उठून दिसतो. म्हणून नमुन्याचा रंग कायम खालून. दोन्ही हातांत एकेक धागा धरून विणत असाल तर नमुन्याचा डाव्या हातात, पायाचा उजव्या हातात, आणि शेवटच्या ओळीपर्यंत तसंच. दुसऱ्या दिवशी काम हातात घेताना धाग्यांची अदलाबदल झाली तर त्या ओळीपासून चांदण्या निस्तेज दिसायला लागतात. चूक जवळून सापडत नाही, सहा फूट लांब गेल्यावर दिसते. डाव्या बाजूच्या टोपलीला नमुन्याच्या रंगाचा एक धागा बांधून ठेवला की प्रश्न मिटतो.

मापाचा तुकडाही अशाच पद्धतीने विणा. ४० टाके, ३० ओळी. गोल सुईवर, पण प्रत्येक ओळ सुलट बाजूनेच: ओळ संपली की काम न उलटवता टाके सुईच्या दुसऱ्या टोकाकडे सरकवायचे आणि धागा मागून सैल आणायचा. उलट ओळी घेऊन विणलेल्या तुकड्याचं माप गोल विणकामाला लागू पडत नाही. तुकडा धुवा, वाळवा, मधले १० सेंमी मोजा. २२ ऐवजी २४ टाके भरले तर १६८ टाक्यांचा घेर ७० सेंमी होतो, म्हणजे अभ्रा ३५ सेंमीचा. मग सुई ७ नंबरची घ्या.

गेरू

"आधी लोकर" हे मला पटत नाही. भिंतीचा रंग पाच-सात वर्षं राहतो, खोलीत फरशी असते, लाकडी कपाट असतं. अडीचशे ग्रॅम लोकरीसाठी त्या सगळ्याला मागे कशाला न्यायचं? आधी फरशी आणि लाकूड बघून भिंत ठरवावी, लोकर त्यातून.

दुसरं, एक भिंत गेरूच्या रंगात आणि उशांवर पांढऱ्या लोकरीत वारली नमुना असा विचार आहे. तारपा नाच करता येईल का?

लडगुंडा

फरशीचा मुद्दा मान्य. क्रम फरशी, लोकर, भिंत असा दुरुस्त करतो. भिंत मात्र माझ्या लेखी शेवटीच.

वारलीबद्दल: तारप्याचं वर्तुळ या विणीत नको. वर्तुळाच्या आत पंधरा-वीस टाके एकाच रंगाचे सलग येतात आणि तितका लांब धागा मागे लोंबतो. बोट अडकतं, धागा तुटतो. हात धरून उभ्या असलेल्या नाचणाऱ्यांची रांग मात्र सुंदर बसते. एका आकृतीला ९ टाके, मध्ये ३ टाके जागा. आकृत्यांच्या वर-खाली एक सोडून एक ठिपक्यांच्या ओळी घाला, म्हणजे कुठेच मोकळं मैदान राहत नाही. स्कॉटलंडमधल्या फेअर आयल बेटावरच्या पारंपरिक नमुन्यांत हेच तत्त्व दिसतं. एका ओळीत दोनच रंग, लहान लहान नमुन्यांचे पट्टे. स्वेटर सात-आठ रंगांचा वाटतो, पण हातात एका वेळी दोनच धागे असतात.

वर्तुळच हवं असेल तर उशी एका रंगात विणा आणि विणून झालेल्या टाक्यांवर बोथट सुईने पांढऱ्या लोकरीचा टाका भरा, खालच्या टाक्याची वाट पकडून. जवळून पाहिलं तरी विणलेलंच वाटतं.

एक अडचण सांगून ठेवतो. सुलट टाका इंग्रजी व्ही सारखा असतो, चौकोनी ठिपक्यासारखा नाही. त्यामुळे एका टाक्याची तिरकी रेघ तुटक दिसू शकते. वारलीचे बारीक हातपाय निदान दोन टाके जाड ठेवा. नमुना चौकोनी ग्राफ पेपरवर काढाल तर विणल्यावर थोडा बसका होईल, कारण २२ टाके आणि २४ ओळी सारख्याच जागेत बसतात.

टाकेबाई

गेरू, लाल-तपकिरी आणि पांढरी शेजारी येणार म्हणजे रंग सुटतो का ते आधी तपासा. लाल लोकरीचा वीतभर धागा ओल्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून रात्रभर ठेवा. डाग पडला तर ती लोकर पांढऱ्यासोबत घेऊच नका. मीठ किंवा व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो असं सांगितलं जातं, पण थंड पाण्यात तसं होत नाही.

आणि कोणतेही दोन रंग घेण्याआधी दोन्ही गुंडे शेजारी ठेवून फोनवर कृष्णधवल फोटो काढा. लाल आणि हिरवा डोळ्याला भडक वेगळे दिसतात, पण फोटोत दोन्ही एकाच राखाडीचे निघाले तर चांदणी लांबून पायात मिसळून जाते. फोटोत फरक स्पष्ट दिसला पाहिजे.

ओलसर_भिंत

दमट हवेत लोकर की ॲक्रिलिक की सूत?

टाकेबाई

शक्यतो लोकर. खऱ्या लोकरीचे तंतू एकमेकांना धरून राहतात, मागचे धागे घसरत नाहीत, आणि धुतल्यावर किरकोळ उंचसखलपणा स्वतःहून बसतो. लाहौलमधले मोजे-हातमोजे, ज्यांना भौगोलिक मानांकन आहे, ते लोकरीचेच. ॲक्रिलिक गुळगुळीत असतं, जे विणलं ते तसंच राहतं, म्हणून हात जास्त सारखा हवा. त्यावर गरम इस्त्री फिरवली की वीण कायमची सपाट आणि मेलेली होते. सुताला ताण नाही, चुण्या लगेच दिसतात, आणि चकाकणारं सूत असेल तर मॅट भिंतीशेजारी रंग जुळूनही वेगळा भासतो.

लोकरीचा शत्रू कसर. ती मळक्या, अंधाऱ्या जागी ठेवलेल्या लोकरीवर आधी येते. रोज वापरातल्या, झटकल्या जाणाऱ्या उशीला धोका कमी. पावसाळ्यात ठेवून द्यायची असेल तर धुऊन, कडकडीत वाळवून, हवाबंद पिशवीत.

लांबीपट्टी

रंगकाम आणि विणकाम एकाच आठवड्यात चालवणाऱ्यांसाठी वेळेचं गणित. इमल्शनच्या दोन हातांत निदान चार तास जावे लागतात, दमट हवेत सहा ते आठ. मिनिटाला २० टाके धरले तर १६८ टाक्यांच्या फेरीला साडेआठ मिनिटं. चार तासांत २८ फेऱ्या, म्हणजे चांदण्यांच्या दोन रांगा आणि वर थोडं. पूर्ण अभ्र्याला पावणेतेरा तास. दोन हातांच्या मधला वेळ नाहीतर भिंतीला बोट लावून बघण्यातच जातो, आणि ते बोट उमटतं. हात विणकामात असले की भिंत शांतपणे वाळते, आणि दोन्ही कामं हळूहळू भरत जाताना दिसतात. या आनंदासाठी तरी दोन्ही एकत्र काढावीत.

मात्र लांबी घासायच्या दिवशी लोकर त्या मजल्यावरही नको. ती पीठासारखी धूळ तंतूंत शिरते आणि गडद लोकर कायमची राखट दिसते. लांबीने हाताची त्वचाही कोरडी खरखरीत होते आणि धागा बोटांना अडकतो. रात्री खोबरेल लावा, पण विणायला बसण्याआधी साबणाने हात धुवा. फिक्या लोकरीवर तेलाचा डाग लगेच दिसतो.

गेरू

रांगेचा नमुना ग्राफवर काढला, १२ टाक्यांत बसतो. आता शेवटचं: अभ्रा पूर्ण कसा करायचा? चेन लावताना वीण ताणली जाते असं ऐकलंय.

लडगुंडा

चेन लावण्याआधी अभ्रा धुवा. कोमट पाण्यात लोकर धुण्याचं थोडं द्रव, वीस मिनिटं भिजत, चोळायचं नाही, पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं. मग ३८ बाय ३८ सेंमीला सपाट पसरून, कडेला गंज न धरणाऱ्या टाचण्या लावून, सावलीत पूर्ण वाळवायचं. चांदण्यांचे कोपरे या वेळी बोटांनी सरळ करता येतात, नंतर नाही.

खालची कड दोन्ही बाजूंचे ८४-८४ टाके समोरासमोर घेऊन शिवून टाका. वर १४ इंची चेन, म्हणजे दोन्ही टोकांना जेमतेम सेंमीभर जागा राहते. चेन आधी कच्च्या टाक्याने पूर्ण लावून घ्या, मध्यापासून टोकांकडे, मग हाताने दोरीव टाक्याने पक्की करा. एका टोकापासून शिवत गेलं की वीण सुईसोबत सरकते आणि दुसऱ्या टोकाला लोकर उरते. ताणली जाते म्हणतात ते हेच. शिवणयंत्रावर लावायची असेल तर वीण आणि यंत्राच्या दात्यांच्या मध्ये पातळ कागद ठेवा, शिवून झाल्यावर फाडून काढा.

आतून सुती अस्तर घालाच. दोन चौकोन, ४१ बाय ४१ सेंमी, शिवणीसह. कापड आधी धुऊन आटवून घ्या. अस्तर पायाच्या लोकरीच्या रंगाचं असू दे. पांढरं घातलं तर उशी फुगली की गडद टाक्यांच्या फटींतून चमकतं.

टाकेबाई

अस्तर शिवण्याआधी अभ्रा उलटवून मागचे धागे एकदा उजेडात बघा. एखादा सैल लोंबत असेल तर कापू नका, गाठही मारू नका. त्याच रंगाच्या लोकरीने बोथट सुईने शेजारच्या दोन धाग्यांना हलकेच टाचा. घट्ट असेल आणि पुढे चुणी पडली असेल तर शेजारच्या सैल धाग्यातून क्रोशाच्या सुईने थोडी लांबी ओढून घेता येते, एका ओळीत तीन-चार टाक्यांपर्यंत. त्याहून जास्त चुणी असेल तर उसवायचं, अस्तर लावण्याआधीच.